उशिरां ऐकलेलीं गाणीं

समकालीनांनीं ज्यांकडे पाठ फिरविली व पुढच्या पिढीनें ज्यांना डोक्यावर घेतलें, अशा कलाकृतींची यादी कोणत्याहि भाषेच्या इतिहासांत बरीच लांब निघते. ती वाचतांना आपल्यास एक प्रकारचें सुख होतें. कारण मागच्या लोकांची चूक आपल्या ध्यानीं आली, म्हणजे आपण त्यांच्याहून शहाणे आहों असा भास होतो. हा भास फारसा हितकारक नव्हे. चूक कशी झाली, तींत कोणाचा किती वांटा होता, आणि तिच्यामुळें नेमकें काय गमावलें, हें पाहिल्याखेरीज अशा प्रकरणांतून घेण्यासारखा बोध हातीं लागत नाहीं. संगीताच्या क्षेत्रांतील अशाच एका प्रकरणाचा विचार आम्ही येथें करणार आहों. १९६९ च्या नोव्हेंबर महिन्यांत फिलिप्स कंपनीनें इंग्लंडांत ‘स्कॉट ४’ या नांवाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तींत गीतें १०, आणि एकंदर अवधि सुमारें ३२ मिनिटांचा. ती खपली नाहीं. खपाच्या साप्ताहिक कोष्टकांत तिला कोठेंच जागा मिळाली नाहीं, आणि थोड्याच काळांत कंपनीच्या यादींतूनहि ती नाहींशी झाली. आज मात्र तिची गणना त्या दशकांतील इंग्रजी लोकप्रिय संगीताच्या उत्तम कृतींत होते.

या ध्वनिमुद्रिकेशीं आमचा परिचय अलीकडचा, आणि तोहि योगायोगानें घडलेला. वर्गांत ब्राउनिंगचीं नाट्यात्मक स्वगतें शिकवून झाल्यावर एक विद्यार्थी मागें रेंगाळला आणि म्हणाला, “सर, हें तर स्कॉट वॉकरच्या गाण्यांसारखें झालें. तुम्ही एकदां ऐकाच.” विद्यार्थ्यांच्या शिफारशींवर आमचा फारसा विश्वास नसतो, परंतु त्यानें तेथल्या तेथें मोबाइलवर जें गाणें लाविलें, तें संपेपर्यंत आम्हांस खुर्चीवरून उठवलें नाहीं. एका विशिष्ट पात्राच्या तोंडीं घातलेलें भाषण, त्या भाषणांतून त्या पात्राच्या नकळत उघडें पडणारें त्याचें अंतरंग, आणि या सर्वांच्या मागें कवीची स्वतःची अलिप्त करुणा, हे जे गुण आम्ही तासभर फळ्यावर लिहीत होतों, ते त्या गाण्यांत जिवंत उभे होते. तेव्हांपासून या गायकाचा इतिहास आम्हीं जमेल तितका चाळला. त्याचें फलित पुढें देत आहों.

या गायकाचें मूळ नांव नोएल स्कॉट एंजल. त्याचा जन्म ९ जानेवारी १९४३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत हॅमिल्टन या गांवीं झाला. १९६५ च्या आरंभीं तो जॉन माउस व गॅरी लीड्स या दोन सोबत्यांसह इंग्लंडांत आला. तिघांनीं ‘वॉकर ब्रदर्स’ असें नांव धारण केलें होतें. तिघांपैकीं कोणीहि कोणाचा भाऊ नव्हता, आणि वॉकर हें कोणाचेंच आडनांव नव्हतें. परंतु नाटकमंडळींत पात्रांचीं नांवें जशीं लोकांच्या तोंडीं बसतात, तसें हें नांव बसलें. त्याच वर्षीं ‘मेक इट ईझी ऑन युअरसेल्फ’ आणि १९६६ सालीं ‘द सन एंट गॉना शाइन एनीमोअर’ हीं त्यांचीं गीतें इंग्लंडांत खपाच्या अग्रस्थानीं पोंचलीं. स्कॉटचा आवाज मंद्र सप्तकाकडे झुकणारा, भरदार, आणि वयाच्या मानानें विलक्षण प्रौढ. त्याच्या भोंवतीं किंकाळ्या फोडणाऱ्या तरुण मुलींची गर्दी जमूं लागली. अशा गर्दींत एखादा गायक सुखावला असता. हा तिला भ्यालेला दिसतो. १९६६ सालीं तो वाइट बेटावरील क्वॉर येथील मठांत ग्रेगोरियन पठणाचा अभ्यास करण्यासाठीं कांहीं काळ जाऊन राहिला होता. लोकप्रियतेच्या ऐन भरांत मठाची वाट धरणाऱ्या तरुणाच्या मनांत काय चाललें असेल, याचा अंदाज त्याच्या पुढच्या गीतांवरून येतो. १९६७ सालीं ती मंडळी फुटली.

स्वतंत्र झाल्यावर त्यानें जी वाट धरिली ती समजण्यासाठीं जाक ब्रेल या बेल्जियन गीतकाराचें नांव घेतलें पाहिजे. ब्रेल १९२९ सालीं ब्रुसेल्स येथें जन्मला आणि पॅरिसच्या रंगमंचावर गाजला. त्याचीं फ्रेंच गीतें म्हणजे एकेक लहानसें नाटकच असे. बंदरांतले दारुडे खलाशी, परत आलेली प्रेयसी, स्वतःच्या प्रेतयात्रेस जमलेल्या लोकांकडे पाहणारा मृत मनुष्य, अशीं पात्रें तो तीन-चार मिनिटांत उभीं करी. मॉर्ट शूमन यानें त्या गीतांचीं इंग्रजी रूपांतरें केलीं, आणि स्कॉटनें तीं हातीं घेतलीं. ब्रेलनें १९६७ सालीं मैफलींचा रंगमंच सोडला, आणि त्याच वर्षीं स्कॉटच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत त्याचीं तीन गीतें इंग्रजींतून ऐकूं येऊं लागलीं. ‘जॅकी’ हें ब्रेलचें गीत स्कॉटनें त्याच वर्षीं गाइलें, तेव्हां त्यांतील उघड भाषेमुळें बी. बी. सी. नें तें आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केलें.

येथें एका गोष्टीचा खुलासा करणें जरूर आहे. पुढें ज्या रीतीस ‘चेंबर-पॉप’ असें नांव मिळालें, तिचीं मुळें शोधणारे या ध्वनिमुद्रिकांपाशीं येऊन थांबतात. ढोल व विजेची गिटार यांवर भिस्त न ठेवतां व्हायोलिन, चेलो, हार्प, शिंगें अशा वाद्यांचा मेळ गीताच्या भोंवतीं उभारावयाचा, आणि त्या मेळानें केवळ साथ न करतां प्रसंगाचें नेपथ्य पुरवावयाचें, ही ती रीति. आमच्या वाचकांना नाट्यपदाची आठवण होईल. आणि ती होणें योग्यच आहे. नाट्यपदहि रंगभूमीवरून उतरून तबकडीवर आलें, आणि नाटक न पाहिलेल्यांच्याहि घरांत गाजलें. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. नाट्यपदाच्या मागें नाटक असतें; सुभद्रा कां रडते हें श्रोत्यास ठाऊक असतें, व तें ठाऊक नसलें तरी रागाची गोडी त्याला पुरते. स्कॉटच्या गीताच्या मागें असें कोणतेंहि नाटक नाहीं. पात्र, स्थळ, पूर्ववृत्त आणि शेवट, सर्व कांहीं त्याच चार मिनिटांत सांगावयाचें, आणि गायकानेंच नट व्हावयाचें. याच कारणानें वाद्यांची जुळणी करणाऱ्यांचें महत्त्व येथें फार. त्यांत अँजेला मॉर्ली, ज्या त्या काळीं वॉली स्टॉट या नांवानें काम करीत, यांचा वांटा मोठा आहे. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभींच्या ‘इट्स रेनिंग टुडे’ या गीतांत त्यांनीं तंतुवाद्यांचा एक बेसुर वाटणारा, न हलणारा सूर गीताच्या पाठीमागें सतत धरून ठेविला आहे. गायक पावसाळी दिवसाच्या गोड आठवणी सांगत असतो, आणि तो सूर त्या आठवणी खऱ्या नाहींत असें श्रोत्याच्या कानांत सांगत राहतो.

पहिल्या चार ध्वनिमुद्रिकांतील एक साधा हिशेब येथें उपयोगी पडेल. पहिलींत, म्हणजे १९६७ सालीं, १२ पैकीं ३ गीतें स्कॉटची स्वतःचीं होतीं. १९६८ च्या दुसरींत १२ पैकीं ४. मार्च १९६९ च्या तिसरींत १३ पैकीं १०, आणि उरलेलीं तीन ब्रेलचीं. चौथींत दहाच्या दहा स्वतःचीं. पहिली खपाच्या कोष्टकांत तिसऱ्या क्रमांकावर गेली, दुसरी पहिल्या, तिसरी पुन्हां तिसऱ्या. चौथी कोठेंच नाहीं. दोन वर्षांत एक तरुण अनुवादित गीतांचा आधार सोडीत सोडीत स्वतःच्या पायांवर येऊन उभा राहिला, आणि ज्या दिवशीं तो पुरता उभा राहिला त्याच दिवशीं समोरचें प्रेक्षागृह रिकामें झालें, असें या आंकड्यांवरून दिसतें.

आतां त्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेकडे वळूं. पहिलें गीत ‘द सेव्हन्थ सील’. इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाचा त्याच नांवाचा बोलपट १९५७ सालीं निघाला. धर्मयुद्धांतून परतलेला एक सरदार, देशांत पसरलेली महामारी, आणि त्याला न्यावयास आलेल्या मृत्यूशीं त्यानें मांडलेला बुद्धिबळाचा डाव, असें त्याचें कथानक. आमच्याकडे नचिकेता यमाच्या दारीं तीन रात्री बसला व उत्तर घेऊन परत आला. या सरदारास उत्तर मिळत नाहीं, केवळ थोडा वेळ मिळतो. स्कॉटनें ही सर्व कथा गीतांत सांगितली आहे. घोड्याच्या टापांसारखा ताल, मधूनच उठणारी स्पॅनिश वळणाची तुतारी, मागें समूहस्वर. पहिल्यांदां ऐकणारा चकित होतो. तरीहि आमच्या मतें हें या संग्रहांतील सर्वोत्कृष्ट गीत नव्हे. बर्गमनच्या चित्रांत जी शांतता आहे ती येथें कथेच्या घाईंत हरवली आहे. आणि बोलपट न पाहिलेल्या श्रोत्यास कांहीं दुवे तुटक वाटतात. दुसऱ्याचें नाटक पुन्हां सांगण्याची जुनी संवय येथें एकदां शेवटची डोकावून गेली आहे.

खरें बळ पुढें दिसतें. ‘हीरो ऑफ द वॉर’ या गीतांत बोलणारा कोणी शेजारी आहे. लढाईहून परतलेल्या मुलाच्या आईला तो म्हणतो, पदकें आणा, सर्वांना दाखवा, त्याची बंदूक गल्लींतल्या पोरांना पाहूं द्या. आणि ओघांतच, जणूं किरकोळ गोष्ट म्हणून, सांगून जातो कीं त्या मुलाला हात देतां येत नाहीं व पाय हलवितां येत नाहींत. चाल उत्साहाची, ठेका जवळजवळ नाचाचा. कवि कोठेंहि रडत नाहीं, कोणाची निंदा करीत नाहीं. शेजाऱ्याचें कौतुक जसजसें वाढत जातें तसतशी श्रोत्याची मान खालीं जाते. ब्राउनिंगनें आपल्या ड्यूककडून जें काम करून घेतलें, तेंच येथें एका भल्या शेजाऱ्याकडून घेतलें आहे. युद्धाविरुद्ध त्या दशकांत पुष्कळ गीतें लिहिलीं गेलीं. त्यांतील बहुतेकांत गायक स्वतः सज्जनांच्या बाजूस उभा असतो. या गीतांत तो गल्लींतल्या गर्दींत उभा आहे, आणि आपल्यालाहि तेथेंच उभें करतो.

त्यानंतरचें ‘द ओल्ड मॅन्स बॅक अगेन’ हें गीत नव-स्टालिनवादी राजवटीस अर्पण केलें आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्यें सोव्हिएट संघ व त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे प्रागमध्यें शिरले, आणि चेकोस्लोव्हाकियांत सुरू झालेला उदारमतवादाचा प्रयोग चिरडला गेला. १९५३ सालीं वारलेला म्हातारा परत आला आहे, ही या गीताची कल्पना. यांत बेस गिटारची एक फिरती, अस्वस्थ ओळ सर्व गीताचा भार वाहते, आणि दूरून पुरुषांचा समूहस्वर, जणूं रशियन देवळांतून, ऐकूं येतो. परंतु आम्हांस जें विशेष वाटलें तें हें कीं, गीताच्या अखेरीस कवीची दृष्टि पावसांत उभ्या असलेल्या एका शिपायावर जाते, आणि तोहि त्याला दुःखानें पोखरलेला दिसतो. राजकीय गीतांत शत्रूच्या शिपायास चेहरा देणें सोपें नसतें. ‘बॉय चाइल्ड’ या गीतांत तर कथानकहि नाहीं आणि तालवाद्यहि नाहीं; तंतुवाद्यांच्या धुक्यांतून आवाज तेवढा तरंगत जातो. ज्या गायकास लोक भरदार आवाजाचा धनी म्हणून ओळखीत, त्यानें येथें आवाज इतका आवरून धरला आहे कीं, पुढच्या स्वरावर तो पाऊल ठेवील कीं नाहीं अशी शंका यावी. अखेरचीं दोन-तीन गीतें मात्र आम्हांस तितकीं मोलाचीं वाटत नाहींत. ‘गेट बिहाइंड मी’ मधील समूहस्वर उसना वाटतो, आणि तेथें शब्दांपेक्षां आवाजच अधिक बोलतो.

इतकी गुणवान् कृति पडली कशी? तिच्या चाहत्यांनीं सांगितलेलें प्रसिद्ध कारण असें कीं, स्कॉटनें ती ‘वॉकर’ या नांवानें न काढतां नोएल स्कॉट एंजल या आपल्या खऱ्या नांवानें काढली, म्हणून ग्राहकांना ती ओळखूं आली नाहीं. हें कारण अगदींच खोटें नसेल, पण तें पुरेसें नाहीं. वेष्टनावर चेहरा त्याचाच होता, आणि ‘स्कॉट ४’ हें शीर्षक वाचून पहिल्या तीन कोणाच्या हें इंग्लंडांत कोणास विचारावें लागलें नसतें. दुसरें कारण विषयांच्या गांभीर्याचें. तेंहि एकट्यानें टिकत नाहीं. कारण तिसरी ध्वनिमुद्रिका काय कमी उदास होती? ती तर आठ महिन्यांपूर्वीं तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. तिसरें कारण आम्हांस अधिक वजनदार वाटतें. त्याच १९६९ सालीं बी. बी. सी. वर स्कॉटची टेलिव्हिजन-मालिका झाली, आणि तींतील गीतांची एक वेगळी ध्वनिमुद्रिका कंपनीनें काढली. तींत त्याचें स्वतःचें एकहि गीत नव्हतें, आणि ती सातव्या क्रमांकापर्यंत गेली. म्हणजे एका वर्षांत एकाच गायकाच्या तीन ध्वनिमुद्रिका बाजारांत आल्या, आणि त्यांतली मधली ही घरगुती करमणुकीची होती. ज्या श्रोत्यांनीं ती घेतली त्यांना शिपाई व रणगाडे नको होते; आणि ज्या तरुणांना ते हवे असते, त्यांनीं टेलिव्हिजनवरच्या या नटव्या गायकाकडे कधींच पाठ फिरविली होती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, ही आपल्याकडची म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

या सर्वांत कोणी खलपुरुष नाहीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्या कंपनीनें ही ध्वनिमुद्रिका यादींतून काढली, तिनेंच एका पंचविशीच्या तरुणास मोठा वाद्यमेळ व उत्तम जुळणीकार दिले होते. श्रोत्यांनीं त्याला दोन वर्षें भरभरून ऐकलें होतें. आणि स्कॉटनें एकाच वेळीं ओळखीचें नांव, ओळखीचा ब्रेल व ओळखीचीं प्रेमगीतें हीं तिन्ही टाकून दिलीं. हा त्याचा अधिकार होता, पण त्याची किंमतहि होती. ती किंमत त्यानें पुरेपूर दिली. १९७० च्या पुढच्या ध्वनिमुद्रिकेंत कांहीं स्वतःचीं गीतें आहेत. त्यानंतर १९७२ ते १९७४ या काळांत त्याच्या ज्या चार ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत त्याचें स्वतःचें एकहि गीत नाहीं. तिशीच्या आंतबाहेरचीं वर्षें, म्हणजे कवीच्या हातून सर्वांत अधिक लेखन होण्याचीं वर्षें, दुसऱ्यांचीं गीतें गाण्यांत गेलीं. ‘काळ न्याय करतो’ असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनीं या चार ध्वनिमुद्रिकांकडे पाहावें. काळानें ‘स्कॉट ४’ परत आणली. पण तिच्यानंतर जीं गीतें लिहिलीं जावयाचीं होतीं आणि लिहिलीं गेलीं नाहींत, तीं काळाला परत आणतां आलेलीं नाहींत.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९७८ सालीं, पुन्हां एकत्र आलेल्या वॉकर ब्रदर्सच्या ‘नाइट फ्लाइट्स’ या ध्वनिमुद्रिकेंत स्कॉटचीं चार नवीं गीतें आलीं. १९८१ सालीं ज्यूलियन कोप या तरुण गायकानें स्कॉटच्या विस्मृत गीतांचा एक निवडक संग्रह प्रसिद्ध केला, आणि नव्या पिढीचे कान तिकडे वळले. १९९२ सालीं ‘स्कॉट ४’ कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपानें परत आली. या खेपेस वेष्टनावर ‘वॉकर’ हेंच नांव होतें. १९९५ सालचें ‘टिल्ट’, २००६ चें ‘द ड्रिफ्ट’, २०१२ चें ‘बिश बॉश’ या त्याच्या उत्तरवयांतील कृति इतक्या कठोर व अपरिचित आहेत कीं, त्यांना गीत म्हणावें कीं नाहीं असा प्रश्न पडतो. ‘द ड्रिफ्ट’ मधील मुसोलिनीच्या प्रेयसीवरील गीतांत ठेक्यासाठीं डुकराच्या मांसावर ठोसे मारले आहेत. या कृतींविषयीं आमचें मत अद्याप बनलें नाहीं. परंतु भरदार आवाजाच्या या नटानें शेवटीं आवाजाचें सर्व सौंदर्यहि टाकून दिलें, एवढें स्पष्ट दिसतें. २०१७ च्या जुलैमध्यें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें प्रॉम्स महोत्सवाची एक संपूर्ण रात्र त्याच्या १९६७ ते १९७० च्या गीतांस वाहिली गेली. गाणारे दुसरे होते, मागें वाद्यमेळ होता, आणि पन्नास वर्षांपूर्वीं न ऐकलेलीं गीतें ऐकावयास सभागृह भरलें होतें. २२ मार्च २०१९ रोजीं लंडनमध्यें स्कॉट वारला.

या इतिहासावरून, जें जें उपेक्षित तें तें थोर, असा सोपा सिद्धांत कोणीं काढूं नये. १९६९ सालीं न खपलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रिका न खपण्याच्याच लायकीच्या होत्या, आणि त्यांना कोणी ज्यूलियन कोप भेटला नाहीं हें योग्यच झालें. आम्हांस बोध घ्यावासा वाटतो तो निराळा आहे. त्या सालच्या परीक्षकांपैकीं जो कोणी ही ध्वनिमुद्रिका दोनदां ऐकता, त्याला शेजाऱ्याच्या कौतुकामागचा तो पंगु मुलगा खात्रीनें दिसला असता. त्यासाठीं पन्नास वर्षांची प्रतीक्षा लागत नव्हती, फार तर आणखी ३२ मिनिटें लागलीं असतीं. आमच्यासारख्या मासिकांतून परीक्षणें लिहिणाऱ्यांच्या टेबलावर दर महिन्यास पुस्तकांचा ढीग येतो, आणि त्यांतलीं कित्येक आपण वेष्टनावरचें नांव पाहून बाजूस सारतों. आम्हीहि सारलीं आहेत. त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं विचारलें कीं, तुला हें गाणें कोणीं सांगितलें? तो म्हणाला, “कोणीं नाहीं सर. पहिल्यांदां ऐकलें तेव्हां आवडलें नव्हतें, म्हणून पुन्हां लावलें.” हा विद्यार्थी परीक्षेंत मागें असतो. परंतु त्याचें हें उत्तर आम्हीं आमच्या टिपणवहींत उतरून ठेविलें आहे, आणि पुढील महिन्याच्या ढिगास हात घालण्यापूर्वीं तें एकदां वाचण्याचा आमचा विचार आहे.